काशीबाईंच्या दह्याला लागलेलं भूत

काशीबाईंच्या खानावळीत दही लागेनासं झालं आणि आळ सुनेवर आला. आळ यावा असं तिनं काही केलं नव्हतं. ती नवीन होती, एवढंच.

सत्तावन्न सालची गोष्ट. लालबागच्या आमच्या चाळीत काशीबाई गिरणीवाल्या मेंबरांना दोन वेळा जेवू घालायच्या आणि मी त्यांच्या भाकऱ्या थापायची. त्यांचा मुलगा आनंदा गिरणीत मागावर साचेवाला. पाळी सुटली की संयुक्त महाराष्ट्राच्या कामाला. त्याची बायको पद्मजा देवगडची, रात्रशाळेत जाऊन मॅट्रिकला बसणारी.

दही एखाद्या दिवशी छान लागायचं, तर एखाद्या सकाळी भांड्यात दूध ते दूधच. त्यातच असल्या अर्धवट विरजलेल्याचं ताक पिऊन दोन मेंबरांना ओकाऱ्या झाल्या. मग घोडपदेवहून लहू भगत आला. त्यानं तांदूळ टाकले, भुवया चढवल्या.

"सुनेबरोबर काय तरी इलाहा. गावच्या वेशीवरचां. जिथलां तिथे नेऊन सोडूक व्हया."

काशीबाईंनी शनिवारची बोट ठरवली. परीक्षा त्याच्या पुढच्याच आठवड्यात. पद्मजानं तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "परीक्षा पुढच्या वर्षी पण येतली गो. भूत वाट बघीत नाय."

चिंतामणी हा आमचा एक मेंबर, परळच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत मदतनीस. आमटीत मीठ आहे, यालाही त्याला पुरावा लागायचा.

"काशीबाई, ही जंतूंची भानगड आहे. भांडी उकळा."

भांडी उकळली. दुसऱ्या दिवशी दही असं लागलं, की चमचा उभा राहावा. चिंतामणी दिवसभर असा मिरवला, जणू त्यात म्हशीचा काही संबंधच नव्हता. पुढच्या विरजणाला पुन्हा दूध ते दूध.

लहू खुशीत आला. "काय रे शास्त्री, पळाले जंतू?"

"चुकलो," चिंतामणी म्हणाला. "पण मी चुकलो हे मला दह्यानं सांगितलं. तू चुकलास तर तुला कोण सांगणार?"

"मी चुकतच नाय."

"तेच म्हणतोय मी."

मी भाकऱ्या थापत होते, तेव्हा पद्मजा माझ्याजवळ येऊन बसली. "कमळावहिनी, भूत माझ्या अंगात आहे ना? मग आज मी तुमच्या खोलीत, तुमच्या भांड्यात विरजण लावते. सासूबाई त्यांच्या घरात लावतील. दूध एकाच भय्याचं." मग तिथेच बसलेल्या लहूकडे वळून म्हणाली, "भगतबुवा, आधीच सांगून ठेवा. कुठलं बिघडणार?"

"तुझां," लहू म्हणाला.

सकाळी माझ्या खोलीतलं दही सुरीनं कापावं असं, आणि काशीबाईंचं भांड्यातून ओतावं असं. लहूनं दोन्ही भांड्यांत डोकावून पाहिलं. पापणीसुद्धा लवली नाही.

"तां घरातच ऱ्हवला. हिच्या मागसून गेलांच नाय."

"मग गावी मला कशाला धाडता?" पद्मजा म्हणाली. "घराला बोटीत घाला."

काशीबाईंना हसू फुटलं, ते त्यांनी पदरात दाबलं. पण बोट काही त्यांनी सोडली नाही. माणसाला बोटीत घालता येतं, घराला येत नाही. भुताचा इलाजही शेवटी परवडेल तसाच होतो.

त्याच दुपारी पद्मजा गॅलरीत उभी होती. समोरच्या भिंतीवर सभेचं ताजं पोस्टर होतं. बघता बघता ती म्हणाली, "हे कालच लागलं ना? मागच्या वेळी दही बिघडलं, तेव्हाही नवीन पोस्टर होतं. आणि त्या ओकाऱ्या झाल्या तेव्हा कामगार मैदानाच्या सभेचं."

"म्हणजे भूत समितीचां?" काशीबाई दचकल्या.

"समितीचां कसां असात?" लहू दुखावला. सभेला तोही जायचा. "द्विभाषिकाचां असतला."

यावर हसावं की टाळी द्यावी, हे चिंतामणीला कळेना.

आनंदा पाळीवरून आला तशी पद्मजानं त्याला उंबऱ्यातच गाठलं. "पोस्टरं लावायला जाता, तेव्हा घरातलं काय नेता?"

"काय नेणार? रवी नेतो, खळ घुसळायला. दुसऱ्या कशानं गुठळ्या मोडत नाहीत." वर अभिमानानं म्हणाला, "धुऊन परत खुंटीला लावतो हां!"

"खळीत काय घालता?"

"मैदा. आणि मोरचूद. नाहीतर झुरळं कागद खातात."

आम्ही सगळ्यांनी खुंटीकडे पाहिलं. याच रवीनं काशीबाई रोज विरजण घुसळून दुधात घालायच्या. चिंतामणीनं ती खुंटीवरून काढून उजेडात धरली. पाकळ्यांच्या खाचांत निळसर हिरवं काहीतरी बसलं होतं.

"विष आहे हे, आनंदा. लाकडात मुरलंय. दह्याचे जंतू मेले. मेंबर वाचले ते नशीब."

"नशीब?" लहूनं विचारलं.

"तू गप रे."

भूत ऐकून मी कधी घाबरले नव्हते, पण तेव्हा घाबरले. पद्मजा बोटीनं गेली असती, सभा होत राहिल्या असत्या, आणि आम्ही नारळ फोडून फोडून मेंबरांना मोरचूद पाजत राहिलो असतो. भुताचं एवढंच वाईट. ते सापडलं की माणसं शोधायची थांबतात.

काशीबाईंनी रवी घेतली आणि चुलीत घातली. जाळ हिरवागार झाला. आम्ही सगळे भिंतीला चिकटलो. लहूनं हात जोडले.

"बघा! जळतां बघा!"

"तांबं आहे ते," चिंतामणी म्हणाला. "मोरचुदात तांबं असतं. तांब्याचा जाळ हिरवा."

काशीबाईंनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग सुनेला विचारलं, "तुझ्या मॅट्रिकच्या पुस्तकात काय म्हटलाहा गो?"

"तांबं."

काशीबाई तशाच गॅलरीत गेल्या आणि चारही मजल्यांना ऐकू जाईल असं ओरडल्या, "ऐका गो! माझ्या सुनेच्या अंगात काय एक नाय! झील माझो गाढव आसा!"

मालवणी सासूनं सुनेपायी पोटच्या पोराला चाळीदेखत गाढव म्हणावं, याचं कारण चिंतामणीलाही सांगता येईना.

"माका सांगूक येता," लहू म्हणाला.

पण तोवर पद्मजा पिशवी घेऊन जिना उतरली होती. रात्रशाळेची घंटा व्हायला आली होती.