जळताहेत तोवर

हनुक्यात, ज्यूंच्या दिव्यांच्या सणात, रोज संध्याकाळी एक मेणबत्ती वाढते; त्यातली पाचवी पेटली आणि नेमकी तेव्हाच वीज आली. अख्ख्या इमारतीत जीव आला. वरच्या क्लाराचं धुण्याचं मशीन घरघरायला लागलं, अंगणापलीकडे कुणीतरी आनंदाने दार आपटलं. युद्धाच्या त्या हिवाळ्यात ओदेसा शहरातली वीज म्हणजे मानापमानवाली पाहुणी होती. कधी येईल, किती वेळ टेकेल, काही भरवसा नसायचा. झान्नाने लहानग्या लेकीला, एत्याला, काखोटीला मारलं, दुसऱ्या हाताने कपड्यांची बादली उचलली आणि ती न्हाणीघराकडे धावली.

"बस," सासू म्हणाली.

झान्ना दारातच थबकली.

"मेणबत्त्या जळताहेत. जळताहेत तोवर बाईमाणसाने कामाला हात लावायचा नसतो. ठेव ती बादली."

ही रीत झान्नाला नवी नव्हती. पहिल्या चार संध्याकाळी ती बिनबोभाट पाळलीही गेली होती, कारण अंधारात करणार तरी काय? पण आज वीज होती, बादलीभर कपडे होते, आणि उद्या सकाळी बस होती.

सासूचं नाव फाइना सेम्योनोव्ना. एरवी झान्ना तिला आई म्हणायची. डोकं फिरलं की मात्र पूर्ण नाव, तिच्या वडिलांच्या नावासकट. आज सकाळपासून 'आई' हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता.

बस रुमानियाला जाणार होती. तिथे झान्नाच्या थोरल्या बहिणीने एक खोली रिकामी करून ठेवली होती. झान्नाला जायचं होतं ते एत्यासाठी. त्या पोरीने 'आई' म्हणायच्या आधी हवाई हल्ल्याच्या भोंग्याची नक्कल शिकून घेतली होती. नवरा आर्काशा विजेच्या तारा जोडण्याच्या कामावर, त्याला शहर सोडता येणार नव्हतं. तू जा म्हणाला, पण आईला एकटी टाकून जाऊ नकोस. झान्नाने शब्द दिला आणि अडकली. कारण सासू कधी नाही म्हणतच नव्हती. शरदातलं आपलं नववर्ष होऊन जाऊ दे, म्हणाली. मग मांडवांचा सण होऊ दे. मग हनुका. देवाने आपल्या माणसांना एवढे सण दिले ते बायकांनी घराबाहेर पडू नये म्हणूनच, असं झान्नाचं पक्कं मत होत चाललं होतं. शेवटी तिने न विचारता दोन जागा राखून टाकल्या. त्यावर सासू "बघू" म्हणाली, तेही कपाटाकडे तोंड करून. उन्हाळ्यापासून तिने हे नवीनच काढलं होतं. बोलायची झान्नाशी, बघायची कपाटाकडे.

झान्नाने बादली आदळली आणि बसली. एत्या मांडीवर गाजर चघळू लागली.

"आणि तो बल्ब बंद कर."

हे ऐकून झान्नाला हसू की रडू कळेना. सकाळपासून या बल्बची वाट पाहून डोळे शिणले होते. तिने सांगून पाहिलं की पोरीच्या तोंडात काय जातंय ते तरी मला दिसू दे, फाइना सेम्योनोव्ना. सासू म्हणाली, बल्बच्या उजेडात मेणबत्ती म्हणजे नुसती काडी. झान्ना उठली, खटकन बटण दाबलं, आणि परत येऊन बसताना खुर्ची मुद्दाम करकरवली.

खोलीत परत अंधार. खिडकीवर, फुटलेल्या काचेच्या जागी, आर्काशाने फळकूट ठोकलं होतं. त्याच्या फटीतून वारा येत होता. पितळी शमादानातल्या ज्योती एका बाजूला झुकल्या, सावरल्या, पुन्हा झुकल्या. मधली एक विझली. धुराची बारीक रेघ वर गेली.

"बघ कशा जळताहेत पाचही," सासू म्हणाली. "एकीने मान खाली घातली नाही."

झान्नाला वाटलं, आपल्याला चिडवतेय. तिने सासूकडे पाहिलं. सासू कपाटाकडे बघत होती. तोंडावर मात्र राग नव्हता. उलट, लहान मूल गोष्ट ऐकताना कसं बसतं, तशी ती मान कलती करून बसली होती.

झान्नाने एत्याच्या हातातलं गाजर काढून घेतलं. उगीच. मग हळूच विचारलं, "त्यातली सगळ्यात आखूड कुठली आहे, आई?"

सासूने ज्योतींच्या दिशेने हात नेला, आणि मागे घेतला.

"कधीपासून?" झान्नाने विचारलं.

"उन्हाळ्यापासून." मधोमध धूर भरल्यासारखं होतं, ती सांगू लागली. समोर पाहिलं की समोरचंच नाहीसं होतं. कपाटाकडे पाहिलं तर कडेने थोडंफार कळतं. तुझं तोंडही तसंच कळतं. आणि अंधार असला तर ज्योती कळतात, म्हणजे उजेडाचा एक डाग कळतो. म्हणून बल्ब बंद करायला लावला.

एवढे महिने झान्ना त्या फिरवलेल्या तोंडावर मनातल्या मनात भांडत आली होती. आता वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याआधी संताप आला.

"आणि गॅस पेटवत होतात? पोरीला घेऊन जिना उतरत होतात?"

"ओरडू नकोस, ती पेंगतेय."

मग भांडण कुजबुजत झालं. सासूचं म्हणणं असं की या घरात तिला डोळे लागत नाहीत. कप कुठे, काडेपेटी कुठे, जिन्याची फुटकी पायरी कितवी, सगळं हाताला आणि पायाला ठाऊक आहे. तिथे परक्या घरात ती भिंतीला टेकवलेली वस्तू होईल. एक पोर तुझ्या कडेवर आहे, दुसरं कशाला? तू जा. आर्काशाला मी सांगेन, मीच हाकलली. झान्ना म्हणाली, तो खुळा नाही विश्वास ठेवायला.

"दिसत नाहीत तर लावता कशाला?" तिच्या तोंडून निसटलं, आणि निसटताच जीभ चावली.

पण सासू हसली. "मला दिसाव्यात म्हणून थोड्याच लावायच्या? त्या खिडकीत ठेवतात, बाहेरच्याला दिसाव्यात म्हणून."

"खिडकीला फळकूट आहे. बाहेरच्याला डोंबल दिसतंय."

"मग तू आहेस ना बघायला. बघ आणि सांग. खरं सांग, किती जळताहेत?"

झान्नाने पाहिलं. एत्या तिच्या दंडावर गाल टेकून झोपली होती. "चार. मधली विझलीय. मघाशीच."

"असू दे. पेटवली तेव्हा जळत होती ना? मग आपलं झालं. वाऱ्याने विझली तर पुन्हा पेटवलीच पाहिजे असं काही नाही."

झान्नाला आर्काशाचं आठवलं. आज जोडलेली तार उद्या तुटते, तरी तो रोज टोपी घालून निघतो. तिला त्याचाही रागच येई.

"उद्या सहावी," सासू म्हणाली. "संध्याकाळपर्यंत बस सरहद्दीच्या रांगेतच उभी असेल. बसमध्ये मेणबत्ती पेटवू देणार आहे का कुणी?"

झान्ना शक्य तितक्या कोरडेपणाने म्हणाली, "खाली उतरून लावू."

"वाऱ्यात?"

"मी कोटाचा आडोसा धरीन."

"आणि पोरीला कोण धरणार? सरहद्दीवरचा शिपाई? हे शमादान घ्यायचं नाही, जड आहे. बटाटे घे. बटाट्यांना मेणबत्तीपुरती भोकं पाडली की झालं. मोठे घे, गेल्या वेळसारख्या गोट्या नकोत."

"गेल्या वेळी तुम्हीच आणले होते, आई."

"म्हणूनच सांगतेय."

बांधाबांध सगळी राहिली होती. आता सासूचे लोकरी कपडे वाढले, तिची औषधं वाढली, आणि वीज केव्हाही गेली असती. झान्नाने एत्याला बाकावर निजवलं आणि बादलीकडे हात नेला.

"संपल्या का गं?" सासूने विचारलं. ती कपाटाकडेच बघत होती; ज्योती खाली बसल्यावर उजेडाचा तो डागही तिला कळेनासा झाला असावा.

संपल्या म्हणायला काय जात होतं? कुणाला कळणार होतं? झान्नाने बादलीकडे पाहिलं, बल्बकडे पाहिलं, आणि मग नाइलाजाने शमादानाकडे.

"नाही," ती वैतागून म्हणाली. "जळताहेत अजून."

आणि परत येऊन सासूजवळ बसली.