बरणीवरचा रिपोर्ट

अण्णांनी बत्तीस वर्षं पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये डॉक्टर म्हणून नमुने तपासले आणि त्यांना एकही रिपोर्ट बदलावा लागला नाही. हे मी नाही, तेच सांगत, येईल त्याला धरून, अगदी गॅसवाल्यालाही. एक गोष्ट मात्र सांगायची राहून जायची. त्यांच्या टेबलावर येई ते आधीच माणसातून कापून काढलेलं असे. तिथून काही बरं होऊन परत गेल्याचं अण्णांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

त्यांच्या सुनेनं दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली होती. तिच्यात मऊ प्रवाळं, आणि मधोमध एक मोठं, छत्रीसारखं, वर शेकडो बारीक तंतू डोलणारं. सगळे त्याला छत्रीच म्हणत. सुनेच्या वडिलांनी आपल्या टाकीतल्या प्रवाळाचा अंगठ्याएवढा तुकडा कापून तिला दिला होता. पुढच्याच वर्षी ते गेले. तुकडा सात वर्षांत थाळीएवढा झाला. वडिलांचं जिवंत असं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

तीन आठवड्यांसाठी कामानिमित्त परगावी निघताना ती म्हणाली, "अण्णा, पाणी कमी झालं की गाळलेलं साधं पाणी घाला, मीठ नको. दिवे आपोआप लागतात. आत हात तेवढा घालू नका."

"मला शिकवतेस?" अण्णा म्हणाले.

पाचव्या दिवशी छत्री मिटली. तंतू आत गेले, अंग आक्रसलं, वर मेणासारखा मळकट पापुद्रा चढला. अण्णांनी दोन दिवस भिंगातून पाहिलं, मग बाही सारून हात घातला आणि वासही घेतला.

"तिला फोन करून विचारा ना," त्यांची बायको म्हणाली.

"त्यात विचारायचं काय? मेलेलं मला कळत नाही?"

नमुना फेकायचा नाही, ही सवय हाडीमासी खिळलेली. छत्री फॉर्मॅलिनच्या बरणीत गेली. वर चिठ्ठी लागली: 'मऊ प्रवाळ. मृत. कारण अज्ञात.' खाली तारीख आणि सही. सही वाळल्यावर कुठे त्यांना आठवलं, हे कोणाचं होतं.

मग स्वारी फोटो आणि फूटपट्टी घेऊन चार दुकानं फिरली. चौथ्यात तसंच मिळालं, बोटभर लहान. सून परतली, टाकीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "छान सांभाळलंत, अण्णा." अण्णांचा जीव भांड्यात पडला. ओळखायला नजर लागते, ती सगळ्यांना कुठून असणार, असंही त्यांना वाटून गेलं. बरणी त्यांच्याच कपाटात होती, बिनकुलुपाच्या.

आठ महिन्यांनी नवी छत्री मिटली. तेच आक्रसणं, तोच पापुद्रा.

"सूनबाई, हे गेलं गं."

ती लॅपटॉपवर काम करत होती. उठून आली, वाकून पाहिलं.

"नाही अण्णा, कात टाकतंय. वर्षातून एकदोनदा असं मिटून बसतं, मग पापुद्रा निघून जातो. आठवड्याभरात उघडेल." ती पुन्हा खुर्चीवर जाऊन बसली. "बाबांचं होतं, त्याला पंधरा दिवस लागायचे. हे लहान आहे."

अण्णा खोलीत गेले, कपाट उघडलं, मागच्या बाजूची बरणी पुढे ओढली. त्यांच्या सहीखाली बारीक, नीटस अक्षरात एक ओळ होती: 'कात टाकत होतं.' तारीख ती परतली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्याच हातानं आठ महिने त्यांना रोज सकाळी चहा दिला होता, साखर पुरे का म्हणून विचारलं होतं.

अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिपोर्टात दुरुस्ती झाली की खाली डॉक्टरांची सही लागते. त्यांनी चष्मा पुसला, पेन शोधलं आणि सही केली.