पासलीची शुद्ध हवा

हनुमंतराव मूळचे शिवऱ्याचे. पण तीस वर्षं पुण्यात धनकवडीला राहून त्यांनी तो डाग बराचसा धुऊन काढला होता. एका कारखान्यात सुपरवायझर होते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट होता आणि खाली झाकण घालून ठेवलेली गाडी. एकुलत्या एका मुलीसाठी, सुलक्षणासाठी, स्थळं बघताना त्यांची मोजपट्टी सरळ होती: मुलगा पुण्यापासून जितका लांब, तितका बिनकामाचा. शिवऱ्याचा असेल तर निदान हायवेला आहे म्हणून फोटो बघायचा. वेल्ह्याचा असेल तर हळहळायचं. आणि वेल्ह्याच्याही पुढे, डोंगरात पासलीला भातशेती करणाऱ्या अमृतचं स्थळ कुणीतरी आणलं, तेव्हा त्यांनी फोटो पालथा ठेवला.

"माझ्या पोरीनं काय बिबट्यांच्यात संसार करायचा?" ते म्हणाले, आणि स्वतःच हसले.

हे करोनाच्या आधलं. मग तो मार्च आला. कारखाना बंद झाला, गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले गेले. दोन खोल्यांत तिघं दिवसभर एकमेकांच्या पायात यायला लागले. सुलक्षणा एका विमा कंपनीत फोनवर तक्रारी ऐकण्याचं काम करायची. आता ती ते स्वयंपाकघरात बसून करत होती. तिची आई रत्ना कुकरची शिटी व्हायच्या आत गॅस बंद करायला टपलेली. हनुमंतराव खिडकीत उभे राहून ॲम्ब्युलन्सचे आवाज ऐकायचे आणि मोबाईलवर संदेश पुढे पाठवायचे. 'शहराने काय दिलं? चला, मातीकडे परत चला,' हा संदेश त्यांनी शिवऱ्याच्या सख्ख्या भावालाही पाठवला. भाऊ मातीतच उभा होता, त्यामुळे त्याने उत्तर दिलं नाही.

मे महिन्यात खटपट करून पास मिळवला आणि हनुमंतराव सहकुटुंब शिवऱ्याला आले. गावाने त्यांचं स्वागत शाळेच्या खोलीत केलं. भावजय ताट लांबूनच पायरीवर ठेवायची आणि मागं न बघता निघून जायची. तिथून बाहेर पडल्यावर हनुमंतरावांच्या लक्षात आलं की शिवरंही काही खरं नाही. हायवेवर ट्रक थांबतात, ड्रायव्हर चहा पितात, कोण कुठला, कुणाला ठाऊक. सुरक्षित राहायचं तर अजून आत गेलं पाहिजे. रात्रंदिवस त्यांनी विचार केला आणि त्यांची मोजपट्टी उलटी झाली. मुलगा पुण्यापासून जितका लांब, तितका उत्तम! अशा हिशेबाने अख्ख्या पंचक्रोशीत अमृतसारखा मुलगा नव्हता.

पासलीला पोचल्यावर गाडीतून उतरून, मास्क हनुवटीवर ओढून, हनुमंतरावांनी अंगणातच डोळे मिटले.

"अहाहा! काय हवा आहे! नुसता ऑक्सिजन. आणि तोही फुकट!"

अमृतचे वडील रखमाजी संकोचून म्हणाले, "व्हय, हवा हाय बक्कळ." दुसरं काही बक्कळ आहे, असा त्यांचा दावा नव्हता. अमृतची आई बाळाबाई तेवढ्यात डोंगरावरच्या झऱ्यावरून हंडा-कळशी घेऊन आली. पाहुणे बघून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाणी पुढे केलं.

पोरापोरीला बोलायला म्हणून घरामागच्या खळ्यावर पाठवलं. दोघांनाही काय बोलायचं ते घरच्यांनी पढवून ठेवलं होतं.

"मला गावाकडची फार ओढ आहे," सुलक्षणा मास्कच्या आतून म्हणाली.

"आमाला बी मातीच बरी वाटती," अमृतने सांगून टाकलं.

पढवलेलं तिथंच संपलं. शेवटी तिने विचारलं, "इथं रेंज कुठं येते?"

"त्या टेकाडावर. रोज जातो म्या तिथं."

"काय बघता?"

"पुण्यातल्या नोकऱ्या," अमृत बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

सुलक्षणाला हसू आवरेना. "घरच्यांना कळू देऊ नका," ती म्हणाली. "जमेल आपलं."

लग्न पन्नास माणसांत झालं. हनुमंतरावांच्या भाऊबंदांना रुसायचीही सोय नव्हती, सरकारनेच बोलावलं नव्हतं ना. अक्षता पडल्यावर हनुमंतरावांनी माइक घेऊन मातीवर भाषण केलं. लेकीला डोंगरात दिल्याचा त्यांना एवढा अभिमान वाटला की महिनाभराने निर्बंध सैल होताच ते रत्नाला घेऊन निश्चिंत मनाने पुण्याला परत गेले.

सुलक्षणाने पासलीत एक पावसाळा काढला. छत्री धरून टेकाडावर उभं राहायचं आणि धुक्यात दिसेनासं होऊन लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. बाळाबाईबरोबर चिखलात लावणीही केली. सासू-सुनेचं बरं जमलं. दिवाळीनंतर दोघांनी बॅगा भरल्या. अमृतने टेम्पो घेतला होता. पासलीचा इंद्रायणी तांदूळ पुण्याच्या सोसायट्यांमध्ये दारोदार द्यायचा, असा बेत होता. राहायचं धनकवडीला, तिच्या आईबापाकडे.

"मी तुला गावात दिली होती!" हनुमंतराव लेकीवर कडाडले.

"हो ना बाबा. आणि मी राहून आले," ती म्हणाली.

जावयाचा धंदा मात्र चालला. सोसायटीतल्या बायका तांदूळ घेताना म्हणायच्या, "अय्या, तुम्ही गावचे? किती नशीबवान! कशाला आलात हो इकडे?"

"तांदूळ द्यायला," अमृत म्हणायचा.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. एव्हाना कारखान्याने हनुमंतरावांना आणि त्यांच्या वयाच्या सगळ्यांनाच हार घालून घरी बसवलं होतं. समोरच्या इमारतीत दोन माणसं गेली, तसे हनुमंतरावांनी कपडे भरायला घेतले.

"चल, पासलीला जाऊ," ते रत्नाला म्हणाले. "आपली मुळं तिकडं आहेत."

"मुळं तुमची असतील," रत्ना भाजी निवडत म्हणाली. "मी लग्नाआधी डोंगर चढून पाणी आणलंय. माझी मान अजून दुखते."

ते एकटेच गेले. मुलीच्या सासरी बापाने पाणीसुद्धा पिऊ नये, ही रीत त्यांना माहीत होती. पण साथीच्या काळात रीती जरा बाजूला ठेवायच्या, असं त्यांनी ठरवलं आणि ते नुसतं पाणी पिऊन थांबले नाहीत, तर दिवसातून दोनदा अंघोळही करू लागले. "डोंगरातलं पाणी अंगाला मानवतं," असं ते म्हणायचे. ते पाणी बाळाबाईच्या डोक्यावरून यायचं. खेपा वाढल्या. पाहुण्याला काय बोलणार? सकाळी हनुमंतराव अंगणात नाकपुड्या धरून श्वास आत-बाहेर करायचे आणि रखमाजी गोठ्याच्या दारातून ते बघत उभे राहायचे.

पंधरवड्यात बाळाबाईला ताप आला. तरीही तिने तीन दिवस पाणी आणलं. गावाने बोट हनुमंतरावांकडे दाखवलं. आदल्याच आठवड्यात निम्मं गाव वेल्ह्याला एका हळदीत पंगतीला बसलं होतं, पण ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. चौथ्या दिवशी तिला उठवेना. गावात आशाताईचं काम करणाऱ्या जाईबाई आल्या. त्यांनी तिच्या बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला, बोट पुसून पुन्हा लावला.

"ऑक्सिजन कमी झालाय," त्या म्हणाल्या. "लगेच पुण्याला हलवा. हितं काय न्हाई."

"म्हणजे सिलिंडर तरी असेल ना?" हनुमंतरावांनी विचारलं.

"दादा, हितं पॅरासिटामॉल हाय."

हनुमंतरावांनी गाडी काढली. मागे रखमाजी बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि सगळ्या काचा त्यांनी खाली केल्या. घाटात वारा भणाणत आत येत होता. करवंदीचा, तापलेल्या मातीचा वास येत होता, आणि त्यातला एक श्वास तिला पुरत नव्हता. हनुमंतरावांना तिच्या छातीचा आवाज स्टिअरिंगपर्यंत ऐकू येत होता. नसरापूरच्या अलीकडे तिने काहीतरी पुटपुटलं. रखमाजी वाकले.

"काय म्हणतात?" हनुमंतरावांनी विचारलं.

"गुरांना पानी दावायचं ऱ्हायलं म्हनती."

 हनुमंतराव त्यानंतर पुण्यापर्यंत आरशात मागे बघत राहिले.

दोन दवाखान्यांनी दारातूनच परत पाठवलं. अमृत टेम्पो घेऊन एकेक ठिकाणी जाऊन विचारत होता. सुलक्षणा आणि रत्ना घरून फोन लावत होत्या. लोकांच्या तक्रारी ऐकून घेणारी सुलक्षणा त्या दिवशी लोकांशी भांडली, रडली, पुन्हा भांडली. संध्याकाळी एका ठिकाणी खाट मिळाली. दाराशी स्ट्रेचरवर घेतल्यावर बाळाबाईने रखमाजींचा सदरा धरून ठेवला होता, तो नर्सला सोडवावा लागला. रखमाजी बाहेर फुटपाथवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. हनुमंतराव शेजारी बसले. काही बोलावं असं त्यांना फार वाटलं, पण मोबाईलवर आलेल्या कुठल्याच संदेशात ते नव्हतं.

बाळाबाई वाचली. डॉक्टर म्हणाले, महिनाभर पुण्यातच ठेवा, दम लागला तर लगेच आणता येईल. म्हणून ती धनकवडीच्या फ्लॅटमध्ये आली. गुरं शेजाऱ्यांच्या भरवशावर होती, भाताच्या रोपांसाठी राब भाजून जमीन तयार करायची होती. रखमाजींना परत जाणं भाग होतं. ते एकटे कसे राहणार म्हणून, आणि काही प्रमाणात लाजेनेही, हनुमंतराव त्यांच्याबरोबर गेले.

अशा रीतीने गावावर भाषणं करणारे गावात उरले.

पहिल्या सकाळी हनुमंतराव खांद्यावर हंडा घेऊन झऱ्यावर चढले आणि अर्धा घेऊन उतरले. उरलेला त्यांच्या अंगावर होता. झऱ्यावर बायका भांडी लावायचं सोडून बघत बसल्या.

"पाव्हणं, डोक्यावर घ्या की," एक जण म्हणाली.

"चुंबळ कशी करतात?" हनुमंतरावांनी गंभीरपणे विचारलं. ते सांगायला तिला हसू थांबवून बराच वेळ लागला.

दोन अंघोळींची एक झाली. मग दिवसाआड झाली. डोंगरातलं पाणी अंगाला मानवायचं एकाएकी थांबलं. गुरं किती पाणी पितात, हे रखमाजींना जन्मात प्रथमच कळलं. आजवर त्यांनी ते नुसतं पाजलं होतं. आठवडाभरात दोघांचेही गुडघे सुजले.

"इवाई," हनुमंतराव पायाला तेल चोळत म्हणाले, "झरा वरच्या अंगाला आहे. नुसता पाइप टाकला तरी पाणी आपोआप दारात येईल. एवढी वर्षं का नाही टाकला?"

"पाइप गेनूच्या वावरातनं न्यावा लागतोय," रखमाजी म्हणाले. "त्येच्याशी आमचं बोलनं न्हाई. बांधावरनं भांडान झाल्यालं."

"कधी?"

"अमृतच्या जन्माच्या आदी."

 दुसऱ्या दिवशी झऱ्यावरून उतरताना रखमाजींनी मध्येच हंडा खाली ठेवला, पटका नीट बांधला आणि ते गेनूच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हणाले, "गेनू, झालं गेलं. पाइप न्यायचाय." गेनू म्हणाला, "न्या की." आणि त्याने चहा टाकायला सांगितलं. चार दिवसांत पाइप दारात आला.

इकडे बाळाबाईला फ्लॅटमध्ये सुरुवातीला झोप येत नव्हती. नळ दिसला की ती भांडं भरून ठेवायची. पातेली, तांब्या, वाट्यासुद्धा.

"अहो विहीणबाई, दिवसभर येतं ते," रत्ना म्हणायची.

"आसंल. पर रिकामं भांडं बगवत न्हाई."

मग हळूहळू भांडी रिकामी राहू लागली. दुपारी दोघी गॅलरीत खुर्च्या टाकून चहा प्यायच्या. महिना उलटला, डॉक्टरांनी जायला परवानगी दिली. रखमाजींचा टेकाडावरून रोज फोन यायचा, "कवा येतीस?"

"डाक्टर न्हाई म्हनत्यात," बाळाबाई सांगायची. रत्ना हसू दाबायला आत जायची.

पाइप दारात आल्याचा रखमाजींनी फोनवर एवढा डंका वाजवला की शेवटी तिला जावंच लागलं. लावणी जवळ आली होती. अमृतने टेम्पोतून दोघी विहिणींना आणलं. अंगणात नवी तोटी चमकत होती. दोन्ही इवाई तिच्या दोन बाजूंना उभे राहिले होते.

बाळाबाईने तोटी फिरवली. पाणी आलं. तिने हात खाली धरला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला.

"गेनूनं व्हय म्हनलं?" तिने विचारलं.

"लगीच म्हनला," रखमाजी हसून म्हणाले. "नुसतं इचारायचं व्हतं."

"नुसतं इचारायचं व्हतं व्हय," बाळाबाई म्हणाली.

रखमाजींचं हसू मावळलं. हनुमंतराव पाइपाच्या जोडाकडे बघू लागले. ती आत गेली, चूल पेटवली, सगळ्यांना भाकरी घातली. 

रत्नाने हनुमंतरावांची बॅग स्वतःच भरली आणि ते निमूटपणे टेम्पोत बसले. बाळाबाईने त्या वर्षीची लावणी केली. दम लागला की बांधावर बसायची. शेवटचं खाचर लावून झाल्यावर अमृत पोती न्यायला आला, तेव्हा ती धुतलेलं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन उभी होती.

"कुठं निगालीस?" रखमाजींनी विचारलं.

"रत्नाबाईंकडं. चार-आठ दिस राहून येते." ती पुढच्या सीटवर चढली आणि दार ओढून घेता घेता म्हणाली, "दुरडीत आजच्यापुरत्या भाकरी हायेत. उद्याच्या तुमी थापा."