चाचणीची कॅसेट

फ्लॉपीकाकांचं शूटिंग असलं की आधी घर बंद करावं लागे. पंखा बंद, फ्रीज बंद, खिडक्या बंद आणि शेवटी काकू बंद. हा विनोद काकूंचाच. काकांना तो कधी फारसा आवडला नाही.

फ्लॉपीकाका हे नाव त्यांना प्रेक्षकांनी दिलेलं. एका मोठ्या ऑफिसात त्यांनी एकतीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर लोकांच्या माळ्यावर पडलेली जुनी मशीनं आणून ती उघडायची, पुसायची, चालू करायची, त्यांवरचे जुने गेम खेळायचे आणि कुठलं मशीन किती पाण्यात होतं ते कॅमेऱ्यासमोर सांगायचं, असा उद्योग त्यांनी सुरू केला. बघता बघता चाळीस हजार प्रेक्षक झाले. काकू म्हणत, "पिवळ्या पडलेल्या कीबोर्डवर पाऊण तास बोलणारा एक आणि ते बघणारे चाळीस हजार. यांत जास्त वेडं कोण, ते मला अजून ठरवता आलेलं नाही."

काकांची कामाची पद्धत ठरलेली होती. बोलायला लागण्याआधी ते दहा सेकंद नुसत्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करत. तेवढ्यावरून कॉम्प्युटरला कळतं की खोलीची घरघर कोणती, आणि मग तो ती पूर्ण व्हिडिओतून काढून टाकतो. उरलंसुरलं काका हाताने कापत. काकूंची चप्पल, काकूंची शिंक, दारातून डोकावून हळूच विचारलेलं "चहा टाकू का?" असं सगळं. एकदा एका प्रेक्षकाने खाली लिहिलं, की पाचव्या मिनिटाला मागे कोणीतरी हसलं, गोड वाटलं. काकांनी त्याच दुपारी व्हिडिओ उतरवला, हसू कापलं आणि पुन्हा चढवला. काकू म्हणाल्या, राहू द्यायचं होतं की, कोणीतरी गोड म्हणालं होतं. काकांनी त्यांना क्वालिटी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. कापलेलं सगळं ते दर रविवारी पुसून टाकत, कारण डिस्क भरायची.

काकू गेल्या त्याला सात महिने झाले. हृदयाचं दुखणं निघालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. डॉक्टरांनी विचारलं होतं की हे एका दिवसाचं नसावं, आधी काही त्रास होतो म्हणाल्या होत्या का? काका म्हणाले, नाही, कधीच नाही, तिचा स्वभावच सगळं अंगावर काढायचा. हेच त्यांनी मग मेहुण्याला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं आणि मुलीलाही सांगितलं. मुलीने ते खरं धरलं. आईचं कपाट आवरताना ती एकदम म्हणाली होती, "एवढं काय लपवायचं होतं हिला? मी परकी होते का?" आणि हातातली शाल तिने घडी न करताच पिशवीत कोंबली. काकांनी तिला थांबवलं नाही. त्यांनाही बायकोचा तसाच राग येत होता, आणि खरं सांगायचं तर त्या रागाचा त्यांना आधार होता.

एका शनिवारी सकाळी मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, "बाबा, आईचा आवाज आहे का हो कुठे? चेहरा आठवतो. आवाज आठवेनासा झालाय."

"म्हणजे काय," काका म्हणाले. "नऊ वर्षांचे व्हिडिओ आहेत. संध्याकाळपर्यंत पाठवतो."

ते लगेच कामाला बसले. तीनशे बारा व्हिडिओ होते. त्यांना वाटलं होतं की तासाभरात डझनभर जागा सापडतील. दुपार झाली तरी एकही सापडली नव्हती. कापण्यात काकांचा हात पक्का होता, तेच नडलं. एका ठिकाणी दार लोटल्याचा आवाज होता. ते दार काकूंनीच लोटलं असणार, पण मुलीला दाराचा आवाज काय पाठवायचा?

मग त्यांना त्या दहा-दहा सेकंदांच्या फाइल आठवल्या. त्या लहान असल्यामुळे पुसलेल्या नव्हत्या. त्या दहा सेकंदांत काकू दाराजवळच्या स्टुलावर तोंडावर हात दाबून बसायच्या, कारण गप्प बस म्हटलं की त्यांना हमखास हसू यायचं. काकांनी एकेक फाइल कान देऊन ऐकली. घरघर होती. बाकी काही नव्हतं.

लोकांच्या तीस-तीस वर्षं जुन्या डिस्कमधून त्यांनी पत्रं काढून दिली होती, हिशेब काढून दिले होते, एका बाईंना त्यांच्या लग्नाच्या पाहुण्यांची यादीसुद्धा. त्यांच्याकडे स्वतःच्या घरातलं मात्र काही नव्हतं. चार वाजता मुलीचा मेसेज आला, सापडलं का? शोधतोय, असं त्यांनी लिहिलं. जेवणाचं ताट झाकलेलंच होतं.

खुर्चीवरून उठताना त्यांची नजर कॅसेटच्या खोक्यावर गेली, आणि ते पुन्हा खाली बसले.

सुरुवातीच्या घरगुती कॉम्प्युटरांवर गेम कॅसेटमधून चढवत. कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रात टेपला टेकणारा एक तुकडा असतो, त्याला हेड म्हणतात. ते केसभर तिरकं झालं तरी आवाज बसका येतो आणि गेम चढत नाही. मग एक इवलासा स्क्रू फिरवून ते सरळ करायचं. ते जमलं की नाही हे कानानेच ठरवावं लागतं. त्यासाठी काका एका धडधाकट टेपरेकॉर्डरवर माणसाचं बोलणं रेकॉर्ड करत, मग ती कॅसेट बिघडलेल्या यंत्रात घालत आणि आवाज धारदार होईपर्यंत स्क्रू फिरवत. त्यांचा स्वतःचा आवाज जाड, त्याचा उपयोग नसे. काकूंचा बारीक होता. म्हणून बोलायला काकू. पाच मिनिटं काहीही बोल, एवढीच त्यांची सूचना असे. काम झालं की त्याच कॅसेटवर ते एखादा गेम रेकॉर्ड करून बघत. म्हणजे तो काकूंच्या आवाजावरच चढे आणि तेवढा आवाज पुसला जाई. पण गेम तीनच मिनिटांचा असे.

'चाचणी' असं लिहिलेली कॅसेट खोक्याच्या तळाशी होती. खाली त्यांच्याच अक्षरात तारीख होती, काकू जाण्याआधी पाच महिन्यांची.

त्यांनी ती लावली. आधी, कॅसेटवरचा गेम नुसता वाजवला की येते ती कर्कश किंचाळी सुरू झाली. ती ऐकायला त्यांचे प्रेक्षक जीव टाकतात. काका घड्याळाकडे बघत बसले. तीन मिनिटांनी किंचाळी तुटली, जरा खरखर झाली आणि काकू बोलायला लागल्या. मध्येच, एका वाक्याच्या अर्ध्यातून.

"...आणि तुमचे दोन मोजे आहेत ते दोन वेगळ्या जोड्यांचे आहेत, तसेच घालून बँकेत गेलात. आता आणखी काय बोलू? हां. जिना चढताना मला हल्ली दम लागतो. परवा मधल्या पायरीवर बसले होते पाच मिनिटं. हात पण भरून येतो हा डावा. एकदा डॉक्टरकडे जाऊन येऊ या का? अहो, ऐकताय ना?"

मग लांबून काकांचा आवाज आला. "ऐकतोय, ऐकतोय. छान येतोय. बोलत राहा."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि हसल्या. मग त्या खिडकीबाहेरच्या मांजराबद्दल बोलत राहिल्या. टेप संपली.

काकांनी हे नंतर निदान सात-आठ वेळा ऐकलं असणार. स्क्रूड्रायव्हर हातात धरून, डोळे मिटून, मान तिरकी करून. तेव्हा आवाज लख्ख आला म्हणून त्यांनी स्वतःची पाठही थोपटली होती.

मग उठून त्यांनी कॅसेट कॉम्प्युटरला जोडली, आवाज आत घेतला आणि सवयीने कापायला बसले. जिन्यापासून डॉक्टरपर्यंतचा तुकडा पंधरा सेकंदांचाही नव्हता. त्यांनी तो कापून काढला आणि उरलेली दोन्ही टोकं अशी जुळवली की जोड कुठे आहे ते त्यांना स्वतःलाही कळेना. मुलीच्या नावाने मेसेज तयार केला, उरलेला आवाज जोडला, आणि पाठवण्याआधी एकदा ऐकला.

काकू म्हणाल्या, तसेच घालून बँकेत गेलात. आता आणखी काय बोलू? अहो, ऐकताय ना? आणि नवरा म्हणाला, ऐकतोय, ऐकतोय.

किती चांगला नवरा वाटत होता तो. बायको मोज्यांवरून बोलतेय आणि तो ऐकतोय.

काकांनी ती कापलेली फाइल पुसली आणि सबंध आवाज जसाच्या तसा, खरखरीसकट पाठवून दिला. खाली काही लिहावं म्हणून चार वेळा सुरुवात केली. शेवटी एवढंच लिहिलं, 'तिने सांगितलं होतं.'

त्या संध्याकाळी फोन आला नाही. रविवारी दुपारी आला.

"म्हणजे आई बोलली होती," मुलगी म्हणाली.

"हो."

"तुमच्यापाशी."

"हो."

कापायची सवय असलेल्या माणसाला त्यानंतरची शांतता फार लांब वाटली, पण ती कापता येण्यासारखी नव्हती.

"मी तिच्यावर उगाच रागावले होते, बाबा. सात महिने."

माझ्यावर रागाव, असं काकांच्या ओठांवर आलं होतं. पण तेही मागून घेतल्यासारखं झालं असतं, म्हणून ते बोलले नाहीत. ती म्हणाली की ठेवते आता, दोन दिवसांनी बोलते. दोन दिवसांनी तिने फोन केला, तोही थोडकाच. जेवलात का, एवढं विचारलं.

कॅसेटच्या पाठीला एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड करता येत नाही. जे गमवायचं नसेल त्याची पट्टी आधी मोडून ठेवा, असं काका आपल्या प्रेक्षकांना नऊ वर्षं सांगत आले होते. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि ती मोडली.

मग त्यांनी कॅसेट सुरुवातीपासून लावली. पंखा चालू होता, खिडकी उघडी होती. गेमची किंचाळी सुरू झाली. या तीन मिनिटांच्या खालीही काकू बोलल्या होत्या, पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, मोज्यांच्या आधीचं सगळं. तेही काकांनी सात-आठ वेळा ऐकलं होतं. कान टेपरेकॉर्डरजवळ नेऊन ते आठवायचा प्रयत्न करू लागले. आवाज किती स्पष्ट आला होता, तेवढं आठवलं. शब्द एकही आठवला नाही.