नेरूळ, दहा चव्वेचाळीस

फेब्रुवारी १९९९, मंगळवार. सकाळी दहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी दोन सीटांचं एक सेसना विमान नेरूळवरून जायला हवं होतं. ते गेलं नाही.

विमानात जाई टिपणीस एकटीच होती. वय वीस. पायलटच्या परवान्यासाठी लागणारं लांबचं उड्डाण ती करत होती. जुहूहून पुण्याला जायचं, तिथे उतरून वहीवर सही घ्यायची आणि परत यायचं. सोबत नकाशा, घड्याळ, होकायंत्र आणि खिडकीतून दिसेल ती जमीन. पुण्याहून ती बरोबर दहाला निघाली. टाकीत बारा पंचावन्नपर्यंत पुरेल एवढं इंधन होतं.

परतीचा रस्ता ठरलेला होता. घाट उतरून पनवेल, तिथून नेरूळ. नेरूळचं स्टेशन दिसलं की उजवीकडे वळायचं आणि खाडीच्या काठाने उत्तरेला ठाण्याकडे जायचं. सरळ जाऊन चालणार नव्हतं. खाडीपलीकडे विमानांना बंदी असलेला भाग होता.

जाईची आई स्मिता सव्वादहापासून सोसायटीच्या गच्चीवर होती. जाईला वरून दिसावी म्हणून तिने कठड्यावर केशरी चादर टाकली होती. शेजारच्या मालतीबाई पापड वाळत घालत होत्या.

"आज मुद्दाम टाकीच्या आडोशाला घातलेत गं," त्या म्हणाल्या. "तुझी लेक खालून गेली तर माझे पापड थेट वाशीला."

"खालून नाही हो. बाराशे फुटांवरून."

हे बोलल्यावर स्मिताने जीभ चावली. जाईला अडीच हजार फूट उंची ठरवून दिलेली होती. नेरूळवर खाली उतरून दोनदा पंख हलवीन, असं तिने आईबापांना सांगितलं होतं. जुहूच्या फ्लाइंग क्लबमध्ये कुणालाही नाही.

अकरा वाजले. आकाश धुरकट होतं. पामबीच रस्त्याच्या बाजूने डंपरचा आवाज तेवढा येत होता.

"उशीर असेल," मालतीबाई म्हणाल्या. "तुमच्या विमानालाही सिग्नल असतील की."

स्मिता हसली नाही.

अकरा पस्तीसला ती तिसऱ्या मजल्यावर घरी आली. जाईचे वडील मधुकर रजा घेऊन घरीच होते. त्यांनी जुहूला क्लबमध्ये फोन लावला. फोन जाईचे प्रशिक्षक, कॅप्टन धर्मराज देसाई यांनीच उचलला.

"ती पोचलेली नाही," ते म्हणाले. "दहा चव्वेचाळीसला तिने नेरूळवर असल्याचं कळवलं. दहा एक्कावन्नला म्हणाली, खाडी दिसत नाहीये, खाली सगळं धुरकट आहे. त्यानंतर संपर्क नाही. हेलिकॉप्टर वाशी ते ठाणे खाडीवर फिरतंय. कोळ्यांच्या होड्याही गेल्यात."

मधुकरांनी हाताने रिसीव्हर झाकून हे सांगितलं.

"नेरूळवर ती आलीच नाही," स्मिता म्हणाली.

"अगं, तिने रेडिओवर सांगितलंय. त्यांच्याकडे वेळेसकट नोंद आहे."

"मी सव्वादहापासून वर आहे. साधा आवाजसुद्धा नाही आला. ती खाली उतरून पंख हलवणार होती ना? सांगा त्यांना."

मधुकरांनी हात काढला नाही. "ठरलेली उंची सोडली हे कळलं तर तिचं फ्लाइंग बंद. कायमचं."

"बंद होऊ दे. घरी बसेल. द्या इकडे."

तिने फोन घेतला आणि एका दमात सगळं सांगितलं. देसाईंनी लगेच विचारलं,

"काकू, किती वाजेपर्यंत होता गच्चीवर?"

"साडेअकरा."

"चव्वेचाळीस म्हणजे ठरल्यापेक्षा चार मिनिटं आधी," देसाई म्हणाले, पण ते स्वतःशीच. मग जोरात, "खांदेश्वर! पनवेलजवळचं नवीन स्टेशन. नेरूळसारखंच मोठं छप्पर, समोर तसाच मोकळा चौक, बाजूला तशाच इमारतींचे सेक्टर. तिच्या नकाशावर ते नाहीच आहे. तिथून उजवीकडे वळली तर खाडी कुठून दिसणार?"

"तिथे काय आहे मग?"

"तळोजा. पुढे डोंगर." मग घाईने, "मोकळी जमीनही आहे, काकू. सपाट प्लॉट आहेत, शेतं आहेत. इंजिन गेलं तर कसं उतरायचं ते तिला शिकवलंय."

मधुकरांनी लगेच खांदेश्वरला राहणाऱ्या बहिणीला, जयमालाला, फोन केला. प्रश्न पुरा होण्याआधीच ती म्हणाली, "अरे दादा, पावणेअकराला एक छोटं विमान आलं होतं आमच्यावर. इतकं खाली! दोनदा पंख हलवले त्याने. पोरं टाळ्या वाजवत होती. का रे?"

मधुकरांनी रिसीव्हर ठेवला आणि तसाच पुन्हा उचलून क्लबचा नंबर फिरवला. बारा वाजून दोन मिनिटांनी हेलिकॉप्टरला खाडी सोडून पूर्वेला जायला सांगण्यात आलं.

बारा चाळीसला पोलिसांचा फोन आला. तळोज्यापुढे डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथले सीताराम म्हात्रे शेतात होते. त्यांनी चौकीत जे सांगितलं ते हवालदाराने शब्दशः वाचून दाखवलं. "इमान व्हता. दिसला नाय, पन आवाज आयकला. येकदा डोंगराकरं गेला, मंग परत आला. मंग बंद झाला." वेळ विचारल्यावर ते म्हणाले होते, अकराच्या सुमारास, घड्याळ नव्हतं.

"बंद झाला म्हणजे लांब गेला, की बंदच झाला?" स्मिताने विचारलं.

"ते त्यांना सांगता येत नाही, बाई," हवालदार म्हणाला.

बारा पंचावन्न झाले. मधुकरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग मनगटावरच्या. इंधन इथपर्यंतच होतं.

एक वाजून दहा मिनिटांनी देसाईंनी कळवलं की हेलिकॉप्टरची डोंगराच्या पश्चिम उतारावर एक फेरी पूर्ण झाली आहे. खाली धुरकं आहे, जमीन तुकड्यातुकड्यांनी दिसते. विमान दिसलेलं नाही. दुसरी फेरी सुरू आहे.