ड्रममध्ये राहिलेला आवाज

निर्माता लॉबननं अल्बमवरचा व्हर्लीनचा आवाज पुसला तो निव्वळ खुनशीपणानं. सगळ्या अल्बमभर ती मुख्य गायकाच्या मागं गायली होती आणि शेवटी एवढंच म्हणाली होती, "कव्हरवर माझंही नाव टाका." झालं! निर्मातेसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्याच दिवशी दोन पोरी आणून त्यानं तिच्या जागी त्यांच्याकडून गाऊन घेतलं.

आज शनिवारी अल्बम दुकानात आला. किंग्स्टनच्या ऑरेंज स्ट्रीटवर दुकानदार नवी तबकडी रस्त्याकडे तोंड केलेल्या मोठ्या स्पीकरांवर लावतो आणि बाहेरची माणसं तिचा निकाल लावतात. आवडली तर पत्र्याच्या भिंतीवर थापा पडतात. नाही आवडली तर कुणी ढुंकूनही बघत नाही. व्हर्लीन येणार नव्हती, पण पायांना कोण सांगणार?

दुपार नुसती तरंगत होती. चिलमींचा निळा धूर हलायलाही तयार नव्हता आणि वाजत होतं ते समुद्र ओलांडून मायभूमीला परतायचं गाणं. माणसं माना डोलवत होती, पण थाप काही पडेना.

"पोरी गोड गातात," शेजारी उभा असलेला एग्बर्ट म्हणाला. अल्बमवर ड्रम त्याचेच होते.

"गोड कसल्या, पाकात बुडवल्यात!" व्हर्लीन फणकारली.

दुकानदारानं तबकडी उलटली. या बाजूला तीच गाणी होती, पण गायकांशिवाय. ही इथली रीतच. शब्द काढून टाकायचे, बास आणि ड्रम पुढं आणायचे आणि मोकळ्या जागेत प्रतिध्वनी सोडून द्यायचा. बास तळपायातून वर चढला. आणि मग ड्रमच्या मागून, डोंगरापलीकडून कुणी हाक मारावी तसा, एका बाईचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. तो विरायचा आणि पुन्हा उगवायचा.

व्हर्लीननं एग्बर्टची बाही धरली. "एग्बर्ट, अरे... ही मी आहे."

"मग दुसरं कोण? खोलीत पंखा एकच, तोही माझ्या ड्रमपाशी. वारा खात तिथंच उभी राहून गायलीस आणि शिरलीस माझ्या माइकात. आता तुला पुसायचं तर ड्रमच पुसावा लागेल. लॉबनच्या बापाला जमायचं नाही ते!"

मग पत्र्यावर अशा थापा पडल्या की दुकानदारानं सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून ठेवली. मग आणखी एकदा.

"कोण रे गातंय हे?"

"त्या पोरी नव्हेत."

"भूत आहे भूत! ड्रममध्ये शिरलंय!"

लोक हसले, पण दोन पावलं मागंही सरकले. व्हर्लीननं मनाशी ठरवलं. आता सांगायचंच, सगळ्यांसमोर, लॉबनचं नाव घेऊन सांगायचं. ती पुढं झाली.

स्पीकरपाशी नारळाच्या वड्या विकणारी मिस इकिल्डा उभी होती. टोपली खाली ठेवून तिनं स्पीकरच्या लाकडाला कपाळ टेकलं होतं. तिची लेक डोरेट परवाच्या साली तापानं गेली, हे अख्ख्या रस्त्याला ठाऊक होतं.

"डोरेट आहे ती," म्हातारी हळूच म्हणाली. "धुणं धुताना अशीच गायची. शब्द गिळायची मेली. मी ओरडायचे, अगं नीट म्हण की!"

एग्बर्टनं तोंड उघडलं, "अहो मावशी, ती तर ही—" व्हर्लीननं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचं वाक्य घशातच राहिलं.

म्हातारीनं वळून पाहिलं. "तुला येतंय ना गं ऐकू? का मलाच?"

व्हर्लीनच्या अगदी जिभेवर स्वतःचं नाव आलं होतं. ते गिळताना तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

"येतंय की, मावशी. छान गाते तुमची लेक."

"मग लांब का उभी? ये, इथून नीट ऐकू येतं." म्हातारीनं तिचा हात धरून तिला स्पीकरजवळ ओढलं. दोघी कान लावून ऐकत राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हातारीनं विचारलं, "तू गातेस का गं?"

"छे, मावशी," व्हर्लीन म्हणाली. "मला कुठलं येतंय गाणं!"