आतून आलेला आकडा

बँकेच्या रांगेत उभा असलेला एक धट्टाकट्टा माणूस दर वीस सेकंदांनी उजवी कंबर झटकतो. मागच्या बाई आपल्या मुलीला हळूच जवळ ओढून घेतात.

*

रद्दीचा शंभर किलोचा गठ्ठा पाणी पीत राहिला तर दुपटीने जड होतो आणि फुगतो. फुगायला जागा नसली तर तो ती करून घेतो.

*

पोरगा कामावर असला की ताईच्या घरी फोन पालथा ठेवायचा नाही, असा नियम आहे. जेवतानाही नाही.

*

भिंतीच्या भेगेत आगपेटीतली काडी खोचून ठेवली आणि ती आपोआप पडली, तर भेग रुंदावली. एवढं कळायला शाळा लागत नाही. काडी पडेपर्यंत तिच्याकडे बघत राहायचा मात्र पगार मिळतो.

*

पितळेचे पंधरा बिल्ले. नाव नाही, नुसता आकडा.

*

चौकशी समितीने ध्वनिफीत वाजवली. मग पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा वाजवा, असं कोणी म्हणालं नाही.

*

आग विझवणाऱ्यांमध्ये एक माणूस असा असतो, ज्याने पाण्याला हात लावायचा नसतो. नळी धरायची नाही, शिडी चढायची नाही, कोणाला खांद्यावर टाकून बाहेर आणायचं नाही. त्याने इमारतीकडे बघायचं, आत गेलेल्यांचा हिशोब ठेवायचा आणि वेळ आली की एकच शब्द बोलायचा: बाहेर. तो शब्द केंद्रप्रमुखालाही फिरवता येत नाही. या माणसाला सुरक्षा अधिकारी म्हणतात.

एका अग्निशमन केंद्रावर त्याला नकोमामा म्हणत. मामा, कारण त्याचा सख्खा भाचा त्याच तुकडीत होता आणि एकाचा मामा तो सगळ्यांचा मामा झाला. नको, कारण नेमणूक होऊन तीन महिने झाले तरी त्याच्या तोंडात दुसरा शब्द नव्हता. छपरावर नको, त्या जिन्याने नको, आता नको. दोनदा त्याने सगळ्यांना बाहेर काढलं होतं आणि दोन्ही वेळा इमारत ढिम्म उभी राहिली होती. तेव्हापासून तो जेवायला आला की कोणीतरी लांडगा आला रे म्हणायचं आणि सगळे आपापल्या ताटाकडे बघून हसायचे. बंबाचा चालक तर तोंडावर बोलायचा.

“मामांना इमारतीपेक्षा स्वतःचीच धडधड जास्त ऐकू येते.”

“ऐकू येतेय तोवर बरंच आहे,” नकोमामा म्हणायचा आणि पोळी मोडायचा.

त्याला ही जागा मिळाली तेव्हा सर्वांत जास्त आनंद ताईला, म्हणजे भाच्याच्या आईला झाला होता. आता पोरगा आत आणि तू बाहेर, ती म्हणाली होती, निदान कोणीतरी त्याच्याकडे बघत असेल. भाचा सव्वीस वर्षांचा होता आणि मामाच्या खांद्यावरून पलीकडचं बघू शकत होता. कामावर तो मामाला ‘सर’ आणि ‘तुम्ही’ म्हणायचा, घरी ‘तू’. यात त्याची कधी गल्लत झाली नव्हती.

*

रडकीबद्दल सांगायला हवं.

आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या पट्ट्याला एक डबी असते. माणूस वीस सेकंद हलला नाही की ती टिकटिकते. तीस सेकंद हलला नाही की किंचाळते, अशी की तीन गल्ल्या पलीकडे झोपलेलं मूल उठावं. माणूस बेशुद्ध पडला, अडकला, तर आवाजाच्या मागावर जाऊन त्याला शोधायचं. हिलाच जवान रडकी म्हणतात. पण जवान नुसता उभा राहून पाणी पीत असला तरी तिला तो मेल्यासारखाच वाटतो. म्हणून उभं असताना दर वीस सेकंदांनी कंबर झटकायची. पुढे ती सवय अंगात मुरते. बँकेच्या रांगेत, लग्नात, नातवाला शाळेत सोडताना, पट्टा नसतानाही, कंबर आपली झटकतेच. दुसऱ्या केंद्रावरचा अनोळखी माणूस यांना याच एका खुणेवरून ओळखू येतो.

*

बुधवार, भर दुपार, लख्ख ऊन. रद्दीचं तीन मजली गोदाम. मालक, पहारेकरी आणि नऊ कामगार समोरच्या न्हाव्याच्या दुकानाबाहेर उभे होते. नकोमामाने ते आधी मोजले, मग हजेरीच्या वहीशी ताडून पुन्हा मोजले. आत कोणी नाही, असं पहारेकऱ्याने दोनदा सांगितलं, आणि तो शुद्धीवर होता.

पंधरा जवानांनी दारापाशी आपापले बिल्ले फळ्यावर टांगले. आत जाताना टांगायचा, बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. फळ्यावर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. फळा नकोमामाच्या ताब्यात.

तासभर पाणी मारलं. वरच्या दोन मजल्यांवरचा धूर काळ्याचा पांढरा झाला, जवानांच्या आवाजात जरा मोकळेपणा आला. नकोमामा मात्र उंबऱ्याकडे बघत होता. चार नळ्यांनी पाणी आत जात होतं आणि दारातून बाहेर येत होती ती बोटभर धार. बाकीचं सगळं पाणी वरच राहिलं होतं, गठ्ठ्यांच्या पोटात. त्याने बाजूच्या भिंतीच्या भेगेत काडी खोचली. काडी पडली. दुसरी खोचली. ती त्याने बोटं सोडताच पडली.

तो म्हणाला, बाहेर.

सगळे आले, कुरकुरत आले. तिसऱ्यांदा, कोणीतरी मुखवट्याच्या आतून म्हणालं. पंधरा हातांनी पंधरा बिल्ले काढले. फळा रिकामा झाला. नकोमामाने तरीही प्रत्येकाच्या शिरस्त्राणावर टपली मारून माणसं मोजली. पंधरा. सगळ्यांना रस्त्याच्या पार पलीकडे नेलं आणि कान लावून ऐकता यावं म्हणून पंप बंद करायला लावले.

तेव्हा तिसऱ्या मजल्यावर रडकी किंचाळली.

*

आधी प्रत्येकाने स्वतःच्या कमरेला हात लावला. मग शेजाऱ्याच्या. पंधरा कमरा, पंधरा डब्या. बंबातल्या पेटीत तीन जादा संच होते, ते चालकाने काढून रस्त्यावर मांडले. तीनच. दुसऱ्या केंद्राचा बंब अजून निघालाच नव्हता. खाली पडलेली डबी असती तर किंचाळत राहिली असती. ही अर्ध्यावर तुटली.

अर्धं मिनिट शांतता. पुन्हा किंकाळी. पुन्हा तुटली.

याचा अर्थ त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. वर कोणीतरी उभं होतं आणि कंबर झटकत होतं. घाबरलेला माणूस धडपडतो. हे धडपडणं नव्हतं. कोणाची तरी वाट बघत उभ्या राहिलेल्या माणसाचं ते झटकणं होतं, थोडं कंटाळलेलं, थोडं उशिराचं.

तिसऱ्या वेळी नकोमामाला दिसलं की आतला आवाज तुटतो त्याच क्षणी रस्त्यावरच्या एकाची कंबर झटकते. चौथ्या वेळी तिघांची. पाचव्या वेळी सगळ्यांची, एकदम. चालक दबक्या आवाजात म्हणाला, हलू नका रे कोणी. ते हलले नाहीत. वीस सेकंदांनी रस्त्यावरच्या पंधरा डब्या टिकटिकू लागल्या, तिसाव्याला किंचाळल्या, आणि वरचीही किंचाळली. सोळा. मग कोणाला राहवलं नाही. सगळे हलले. सोळाही गप्प झाल्या.

न्हाव्याने दुकानाचं शटर खाली ओढलं.

*

भाचा पुढे आला. त्याने पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा काटा मामाला दाखवला. जिना दगडी आहे सर, तो म्हणाला, मी आत्ताच त्यावरून उतरलोय. जायला दोन, यायला दोन. चार मिनिटं द्या.

केंद्रप्रमुख नकोमामाकडे बघत राहिले. ते एरवी बोलके होते. शब्द तुमचा, एवढंच म्हणाले.

नकोमामाने वायरलेस तोंडाशी धरला. आत जो कोणी असेल त्याने आपला नंबर सांगावा, तो म्हणाला. बटण सोडलं.

खरखर. मग खरखरही थांबली. मग हजेरी घेताना सांगतात तसा, घाई नसलेला आवाज आला.

“सात.”

सात नंबरचा बिल्ला भाच्याच्या मुठीत होता. भाचा दोन हातांच्या अंतरावर उभा होता, त्याचं तोंड मिटलेलं होतं, आणि आवाज त्याचाच होता.

नकोमामाने बाकीच्यांकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं, सगळे भाच्याकडे बघत असतील. पण कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. प्रत्येक जण खाली मान घालून आपल्या मुठीकडे बघत होता.

“मामा,” भाचा म्हणाला. कामावर पहिल्यांदाच. “तू ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

“मग मला जाऊ दे. तिथे कोणीतरी आहे.”

“म्हणूनच नको.”

“मामा, माणूस आहे आत.”

“आत सात आहे. आणि सात माझ्यासमोर उभा आहे. सातला आणायला मी सातला पाठवणार नाही.”

वर किंकाळी सुरू झाली आणि तुटली. भाच्याची कंबर झटकली. त्याचे डोळे भरून आले होते, रागाने की कशाने कोण जाणे. तो म्हणाला, उद्या मी अडकलो आणि बाहेरचा माणूस असाच मोजत बसला तर?  नकोमामाने हात पुढे केला, तळवा वर. लहानपणी याच पोराने तोंडात घातलेला खडा काढून घ्यायला तो असाच हात पुढे करायचा.

भाच्याने बिल्ला त्या हातावर ठेवला. पितळ गरम होतं.

*

इमारत बसेपर्यंत आवाज चालू होता.

ती कोसळली नाही, बसली. गठ्ठ्यांनी भिंती बाहेर ढकलल्या आणि मजले एकावर एक निजले. धूळ फारशी उडाली नाही. सगळं ओलं होतं.

*

ढिगारा उपसायला चार दिवस लागले. चारही दिवस नकोमामा काठावर उभा होता, कशालाही हात न लावता, नियमाप्रमाणे. निघाला तो लगदा, विटा, लोखंड. माणूस निघाला नाही. हाड नाही, पट्टा नाही, डबी नाही, वायरलेस नाही. गावातलं कोणी बेपत्ता नव्हतं. नऊ कामगार पगार घ्यायला आले, नऊच्या नऊ. पाचव्या दिवशी जेवताना चालकाने उठून नकोमामाला बसायला स्वतःची खुर्ची दिली. लांडग्याचं नाव पुन्हा निघालं नाही. नकोमामाला वाटू लागलं, ते टोमणेच बरे होते.

*

बंबातल्या यंत्राने टिपलेल्या ध्वनिफितीत नकोमामाचा प्रश्न स्वच्छ ऐकू येतो. मग बारा सेकंद काही नाही. खरखरही नाही. मग लांबून भाच्याचं “मामा.”

जबाब वेगवेगळ्या खोल्यांत लिहून घेतले होते. समितीच्या कारकुनाने ते क्रमाने वाचायला घेतले. पहिला जवान: आतून ‘एक’ असं उत्तर आलं, आवाज माझ्यासारखा वाटला. दुसरा: आतून ‘दोन’ असं उत्तर आलं. तिसऱ्यापर्यंत कारकून नेहमीच्या वेगात होता. सहाव्याला त्याने पाणी मागितलं. सातवा भाच्याचा होता. पंधराव्यानंतर त्याने कागद सारखे केले आणि अध्यक्षांकडे न बघता बसून राहिला.

केंद्रप्रमुखांनी लिहिलं होतं, मला काही ऐकू आलं नाही. फळ्यावर त्यांचा बिल्ला नसतो.

नकोमामाचाही नसतो. त्याने ‘सात’ लिहिलं होतं. असं का, हे समितीने विचारलं नाही. निर्णय योग्य होता, असा शेरा मारून त्यांनी फाईल बंद केली.

*

रविवारी ताईचा फोन आला. पोरगा जेवतो, कामाला जातो, विचारलं तर बोलतो, तिने सांगितलं. पण संध्याकाळी बाल्कनीत जाऊन उभा राहतो. तास तास. आधी तो उभा राहिला की कंबर हलायची, मी चिडवायची, नाचतोस काय रे म्हणून. आता हलत नाही. अजिबात हलत नाही.

“सगळे म्हणतात तू त्याला वाचवलंस,” ताई म्हणाली. “मग तो असा का उभा राहतो रे?”

नकोमामा गेला. भाचा कठड्याला टेकला नव्हता, कठड्यापासून दोन पावलं मागे उभा होता, हात सरळ सोडलेले. मामा शेजारी उभा राहिला. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकल शिकत होतं आणि दुसरं कोणीतरी मागून धरून पळत होतं. नकोमामाची कंबर दोनदा झटकली. भाच्याची नाही.

“मी गेलो असतो तर परत आलो असतो का?” भाच्याने विचारलं.

“तू गेला नाहीस.”

“ते नाही विचारलं मी.”

आत ताईने दोघांना चहाला हाक मारली. मामा वळला. भाचा तसाच उभा राहिला.

भाच्याने चार मिनिटं मागितली तेव्हा दोन वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती, आणि इमारत बसली ती दोन वाजून बावन्न मिनिटांनी.